मागच्या बाकावरचं पदक

मिशन हायस्कूल, उमरगा रस्ता
ता. ६ सप्टेंबर १९६१

ती. स्व. काकांस,
लीलाचे सा. शरणार्थ. वि. वि.

झालेली हकीकत क्रमाने लिहिते.

१. आमच्या शाळेत रोज पहिला तास धर्माचा असतो. ख्रिस्ती मुलांना फादर प्रश्नोत्तरी शिकवतात. प्रश्न छापलेला, उत्तरही छापलेलं. मुलांनी ते पाठ करायचं. बाकीच्या मुलांना त्याच वेळी दुसऱ्या खोलीत नीतिपाठ असे.

२. नीतिपाठ घेणारे मास्तर जूनमध्ये नोकरी सोडून गेले. जागा भरली नाही. तेव्हापासून अकरावीतली बिगरख्रिस्ती मुलं धर्माच्या वर्गातच मागच्या बाकांवर बसून आपापला अभ्यास करतात. तुमची चंद्रप्रभा त्यांतली एक.

३. शनिवारी नवे बिशपसाहेब शाळा पाहायला आले. ते दक्षिणेकडचे आहेत, या भागात प्रथमच आले. त्यांनी अकरावीची धर्माची तोंडी परीक्षा घेतली.

४. एका प्रश्नाला पुढची सगळी रांग अडली. मागून चंद्रप्रभा उठली आणि तिने उत्तर सांगितलं. बिशपसाहेबांनी तिला आणखी चार प्रश्न विचारले. चारहींची उत्तरं तिने बिनचूक सांगितली.

५. तिच्या गळ्याशी इष्टलिंगाचा दोरा दिसत होता. ख्रिस्ती लोकांतही काही जण पवित्र मानलेला कापडाचा तुकडा दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत घालतात. बिशपसाहेबांना हा दोरा तसला वाटला.

६. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्या बक्षिसाचं पदक तिच्या गळ्यात घातलं. पदकावर मेरीमातेचं चित्र आहे.

७. फादर खुर्चीतून उठेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

८. वर्गात परतल्यावर चंद्रप्रभाने पदक काढून दप्तरात ठेवलं. तिचं लिंग जागेवर आहे. सकाळची पूजा ती माझ्या खोलीत, माझ्याशेजारी बसून करते. आजवर चुकलेली नाही.

याखेरीज काही घडलेलं नाही. तिच्यावर कोणी पाणी शिंपडलं नाही, तिचं नाव बदललं नाही, तसं कोणी सुचवलंही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या गावचा बब्रुवान सोमवारी तेलाचे डबे घेऊन मिशनच्या स्वयंपाकघरात आला होता आणि तिथे बराच वेळ बोलत बसला होता. त्याची बैलगाडी टपालाच्या आधी माकणीत पोचते.

बाकी क्षेम. चंद्रप्रभाचं गणित सुधारलं आहे, भूगोल कच्चा आहे. मार्चच्या एस. एस. सी. परीक्षेचा अर्ज नोव्हेंबरमध्ये भरायचा आहे. त्यावर पालक म्हणून तुमची सही लागेल. काकूंचा गुडघा कसा आहे ते कळवावं. मी लावायला दिलेलं तेल त्या वापरत नसणार हे मला माहीत आहे.

काकूंना शरणार्थ. आम्हां दोघींवर माया आहे तेवढी असू द्यावी.

आपली पुतणी,
लीला

---

माकणी
ता. १४ सप्टेंबर १९६१

चि. लीलास,
शिवलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून आधी वाटलं, ठाण्यातला पंचनामा चुकून आमच्या घरी आला. आठ कलमं घातलीस, बाई. नववं मी घालतो: तुझ्या इरम्माकाकूनं दोन दिवस अन्न सोडलंय.

तू म्हणतेस तसंच झालं. बब्रुवान तुझ्या पत्राच्या आधी आला. त्यानं पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की साहेबानं पोरीच्या गळ्यात कायतरी घातलं. दुसऱ्या दिवशी पारावर आलं ते असं, की लिंग उतरवलं अन् क्रूस बांधला. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई आडावर सांगत होती, की पोरीला हौदात बुचकळून मेरी नाव ठेवलं आणि वर अंडं खायला घातलं. इरम्माला नावाचं एवढं लागलं न्हाय जेवढं अंड्याचं लागलं. तुझं पत्र मी तिला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं की यात अंड्याचं कलम का न्हाय. म्हणजे खाल्लं असणार.

हसण्यावारी नेतोय, पण हसू येत न्हाय. मठाचे कारभारी महांतप्पा काल घरी आले होते. पाणीसुद्धा घेतलं न्हाय. त्यांचं म्हणणं असं, की दिवाळीला पोरगी घरी आणावी, ते पदक गावादेखत तेरणेत टाकावं, स्वामींच्या हातून लिंग नव्यानं बांधून घ्यावं, आणि पुन्हा मिशनीत पाठवू नये. कळंबच्या अडत्यांचं तिला स्थळ चालून आलंय ते तुला ठाऊक आहे. तेही थांबून बघतायत. महांतप्पांच्या शब्दाशिवाय ते पुढं यायचे न्हायत.

मी त्यांना म्हणालो, की लिंग जागेवर आहे, पुतणीनं लिहून दिलंय. ते म्हणाले, की पुतणी तिथलाच पगार खाते. मग मी गप बसलो. आता या वयात भांडायला जीव लागतो, तो आणायचा कुठून?

एक गोष्ट तू लिहिली न्हायस. पोरगी का उठली? तिला कुणी उठ म्हटलं नव्हतं. मागच्या बाकावर भूगोल वाचायचा सोडून ती त्यांच्या देवाची उत्तरं कशाला देत होती? हे मला कळलं पायजे. महांतप्पांना सांगायला न्हाय, मला.

तब्येतीला जप. माया आहेच, ती काय टपालानं पाठवायची?

तुझा काका,
शिवलिंगप्पा

---

मिशन हायस्कूल, उमरगा रस्ता
ता. २० सप्टेंबर १९६१

ती. स्व. काकांस,
सा. शरणार्थ. वि. वि.

अंडं खाल्लेलं नाही. हे कलम काकूंना स्वतंत्रपणे वाचून दाखवावं.

चंद्रप्रभा का उठली याचं उत्तर तिनेच द्यावं म्हणून तिची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मी ती वाचलेली नाही. मी इथलं लिहिते.

पदकावरून इथेही वाद आहे. लिंबाजी म्हणून मिशनचा सुतार आहे. तो आणि त्याच्या घरचे दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्याची मुलगी सारजा चंद्रप्रभाच्याच वर्गात आहे. पहिलं बक्षीस तिला मिळेल असं सगळे धरून चालले होते. ती दोन वर्षं त्यासाठी अभ्यास करत होती. त्या दिवशी घाबरून अडली. आता लिंबाजी रविवारी प्रार्थनेला येत नाही. तो फादरांना म्हणाला, की आमच्या पोरीनं घोकून घोकून घसा बसवला आणि देवळाची पायरी न चढलेली पोरगी पदक घेऊन गेली. मग आमचा धर्म तुम्ही बाजारात मांडलाय का, ज्याला पाठ होईल त्यानं उचलावा?

फादरांनी मला बोलावलं. ते इकडे बारा वर्षं आहेत, तरी मराठी सावकाश बोलतात. ते म्हणाले, की बिशपसाहेबांना चूक कळवली आहे आणि त्यांना फार वाईट वाटलं आहे. पदक परत मागितलं तर मुलीने काही चोरलं असा अर्थ होतो. नाही मागितलं तर सारजावर अन्याय होतो. धर्माच्या तासाला इतकी वर्षं न्याय शिकवला आणि आता एका पदकाचा न्याय करता येत नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते थकलेले दिसले.

मी त्यांना सांगितलं, की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणाही मुलाला धर्माच्या तासाला बसवता येत नाही, मागच्या बाकावरही नाही. त्यांनी ते मान्य केलं आणि नीतिपाठ मी घ्यावा असं सुचवलं. मी रसायनशास्त्र शिकवायला आले आहे, नीती शिकवायला नाही, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, की या शाळेत असा माणूस राहिलेला नाही ज्याला दुसरं काही शिकवायचं नाही आणि नीतीच शिकवायची आहे.

मी तास घेतला आहे. त्या मुलांना मी प्रयोगशाळेत नेते. तराजूवर एकच वस्तू सर्वांनी तोलायची आणि ज्याला जे वजन दिसलं ते त्याने लिहायचं. शेजाऱ्याचं बघून आपलं बदलायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांची वजनं एकसारखी आली, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचं बघितलं. आता ती वेगवेगळी येऊ लागली आहेत. यापेक्षा अधिक नीती मला येत नाही.

पदक द्यायला चंद्रप्रभा तयार नाही. फादरांनी मागितलेलं नाही, मी विचारलं होतं. तेरणेत टाकण्याविषयी तुम्ही लिहिलेलं मी तिला सांगितलं. तिने दप्तर उचलून स्वतःच्या उशाशी ठेवलं.

काकूंच्या जेवणाचं कळवावं. आपली छाया आहे तशी राहावी.

लीला

---

(सोबतची चिठ्ठी)

ती. अप्पांना,
चंद्रप्रभाचे शरणार्थ.

लीलाक्का म्हणाली, की तुम्ही विचारलंय मी का उठले. मी रागावले नाही, पण तुम्हाला हे विचारावं लागलं याचं मला नवल वाटलं.

मी भूगोलच वाचत होते. पण आपण कान बंद करून बसू शकत नाही. रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं, तीन महिने. कोणालाही पाठ होईल. त्या दिवशी साहेबांनी विचारलं आणि पुढं सगळे गप्प. सारजा माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिचं मानेवरचं हाड वरखाली होत होतं, पण आवाज येईना. एवढी शांतता झाली की मला सहन होईना. उत्तर माहीत असून ते तोंडात धरून ठेवणं मला जमत नाही. म्हणून उठले. सारजाला ऐकू जाईल आणि पुढचं तिला आठवेल असं वाटलं. तिला आठवलं नाही, ती आणखी घाबरली.

पदक मी मागितलं नव्हतं. पण ते मला मिळालं आहे. आजवर मला कोणी काही दिलं असेल तर ते नात्यातल्या लग्नात अव्वानं दिलेलं चोळीचं कापड. उत्तर बरोबर आलं म्हणून कोणी काही दिलं, हे पहिल्यांदाच. त्यावर चित्र कोणाचं आहे ते मी बघत नाही. ते मी नदीत टाकणार नाही. चोरी केल्यासारखं परतही देणार नाही.

मठातली मुलं तुमच्यापाशी आपल्या संतांची वचनं म्हणायची तेव्हा मी पायरीवर बसत होते, ते तुम्हाला आठवतं का? मुलं अडली की मी पायरीवरून सांगायची. तुम्ही एकदा हसलात. मग महांतप्पा म्हणाले, की पोरीला आत पाठवा. मी आत गेले. ती सगळी वचनं मला अजून येतात. कोणी विचारत नाही म्हणून म्हणत नाही.

अव्वाला सांगा मी अंडं पाहिलंसुद्धा नाही.

तुमची,
चंद्रप्रभा

---

माकणी
ता. १५ ऑक्टोबर १९६१

चि. लीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तूर उभी आहे, ज्वारीची पेरणी चालू आहे, आणि त्याहून खरं म्हणजे लिहायचं काय ते सुचत नव्हतं.

चंद्रीची चिठ्ठी वाचली. पायरीचं मला आठवतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं. एकदा आठ पोरं अडली होती आणि ही पायरीवरून सगळं वचन म्हणून मोकळी झाली. मी हसलो ते थट्टेनं न्हाय, मला लई गंमत वाटली होती. महांतप्पा बोलल्यावर मात्र मी तिला आत पाठवलं. उगं कशाला वाद, असं वाटलं. माझ्या उभ्या जन्माचं हेच वाक्य झालंय बघ, उगं कशाला वाद.

ती चिठ्ठी मी इरम्माला वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकलं, मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, की चोळीचं कापड तिला आवडलं न्हाय का? पण जेवायला लागली आहे. तुझं तेलही लावते, मी बघत नसताना.

आता पुढचं. महांतप्पा परत आले. या खेपेला स्वामींचा निरोप घेऊन आले. निरोप स्वामींचाच होता की यांचाच, ते विचारायची माझी हिंमत झाली न्हाय. दिवाळीला पोरगी आणि पदक दोन्ही आणायचं, आणि पोरीला परत धाडायचं न्हाय. न्हाय मानलं तर मठातली पंगत आम्हाला बंद. संध्याकाळची पोरं माझ्याकडं यायची आत्ताच बंद झालीत. मी ओसरीवर एकटाच बसतो. वचनं तोंडावर येतात, ऐकायला कुणी न्हाय. कळंबकरांनी दुसरीकडं मुलगी बघायला घेतली असंही कानावर आलं. ते गेले तर जाऊ दे असं माझं मन म्हणतं, पण इरम्माचं न्हाय म्हणत.

तर मी असं ठरवलंय. अर्जावर सही मी करायची न्हाय. मला करता येत न्हाय. पण तू तिथं आहेस, नोकरीत आहेस, पोरगी तुझ्यापाशी राहते. तिथले मुख्याध्यापक तुझी सही चालवून घेतील. तू पालक म्हणून सही ठोक आणि मला कळवू नको. महांतप्पांनी विचारलं तर मी शपथेवर सांगीन, की मी सही केली न्हाय, मला ठाऊक न्हाय. ते खरंच असेल. पोरगी परीक्षेला बसेल, आणि मला मठात बसता येईल. दिवाळीला तिला आणू नको, आजारी आहे म्हणून कळव.

वाईट वाटून घेऊ नको. म्हातारा चलाख झालाय असं समज. खरं तर थकलाय.

आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
काका

---

मिशन हायस्कूल, उमरगा रस्ता
ता. २७ ऑक्टोबर १९६१

ती. स्व. काकांस,
लीलाचे सा. शरणार्थ. वि. वि.

तुमच्या पत्राचं उत्तर शेवटी लिहिते. आधी मंगळवारी इथे काय घडलं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला उद्धट वाटेल.

सोमवारी शाळा सुटल्यावर सारजा आणि चंद्रप्रभा दोघी मिळून प्रयोगशाळेत आल्या. सारजाने सांगितलं, की बाप पदकासाठी भांडतो आहे, पण मागून आणलेलं पदक तिला नको. ते घालून ती प्रार्थनेला उभी राहू शकणार नाही. चंद्रप्रभाने सांगितलं, की परत देणं तिला मान्य नाही, हरणं मान्य आहे. म्हणून मी दोघींची परीक्षा पुन्हा घ्यावी. प्रश्नोत्तरीतलं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत विचारावं, आणि जी अडेल तिने पदकावरचा हक्क सोडावा.

मी नकार दिला. त्यांच्या धर्माची परीक्षा घेण्याचा मला अधिकार नाही, मी लिंगायत आहे आणि माझा विषय रसायनशास्त्र आहे, असं सांगितलं. त्यावर सारजा म्हणाली, की म्हणूनच. फादर परीक्षा घ्यायला बसले तर दया करतील. मी एक शब्दही इकडचा तिकडे होऊ देणार नाही. हे कौतुक होतं की नाही, मला समजलं नाही.

फादरांची परवानगी घेतली. ते आत आले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं असं मुलं म्हणतात, म्हणून ते व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले. लिंबाजी दारात, चौकटीला खांदा टेकवून. तो मला ऐकू जाईल असं म्हणाला, की आता बाईंच्या तराजूवर आमचा धर्म तोलायचा. मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

मी पुस्तक धरून एकेक प्रश्न आळीपाळीने विचारला. सारजाचा आवाज सुरुवातीला कापत होता, चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर स्थिर झाला. दोघी एका शब्दाला अडल्या नाहीत. जिथे उत्तरात क्रम होता तिथे क्रमसुद्धा चुकला नाही. असं करत आम्ही शेवटच्या पानावर आलो.

शेवटच्या पानावर प्रश्न नाही. तिथे प्रत्येकाने उभं राहून एकट्याने म्हणायचं असतं. मी मानतो, मी मानते, अशी त्याची सुरुवात आहे, आणि पुढे ते काय काय मानतात ते सगळं आहे. सारजाने हात जोडून, डोळे मिटून ते म्हटलं. लिंबाजीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग चंद्रप्रभा उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.

मी थांबले. मग विचारलं, की विसरलीस का. ती म्हणाली, की नाही, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत येतं. हवं तर कागदावर लिहून देते. पण म्हणणार नाही. आधीच्या प्रश्नांत त्यांचा धर्म काय शिकवतो ते विचारलं होतं. ते तिला माहीत होतं म्हणून तिने सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. इथे तू काय मानतेस असं विचारलं आहे. त्या जागी सारजाचं उत्तर आपण म्हटलं तर ते खोटं होईल, आणि सारजाचं जे खरं आहे तेही मग खोट्यासारखं वाटेल.

हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं. मी तिला हे शिकवलेलं नाही, फादरांनीही नाही.

मग तिने दप्तरातून पदक काढलं आणि सारजाच्या हातात दिलं. सारजा रडली. चंद्रप्रभा रडली नाही, तिने फक्त दप्तराचं बक्कल दोनदा लावलं आणि सोडलं. लिंबाजी आत आला. मला वाटलं तो काही टोमणा मारणार. तो तिच्याकडे बघून म्हणाला, की पोरगी इमानाची हाय, हिच्या गळ्यात तो दोरा असंल तर तो खरा हाय. नंतर त्याने न विचारता प्रयोगशाळेच्या डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय तपासला. या रविवारी तो प्रार्थनेला येणार आहे. फादर व्हरांड्यातून तसेच निघून गेले. आपण चष्मा पुसत होतो, असं त्यांनी मागाहून सांगितलं.

तेव्हा महांतप्पांना कळवावं, की तेरणेत टाकायला आता पदक नाही. लिंग नव्याने बांधायचं असेल तर आधीचं सुटलेलं असायला हवं; ते सुटलेलं नाही. मंगळवारी ते किती घट्ट आहे ते ख्रिस्ती सुताराने पाहिलं आणि फादरांनी ऐकलं. मठातही कोणाला पाहायचं असेल तर त्यांनी तिला समोर बसवून हवं ते वचन विचारावं. फक्त पायरीवर नाही, आत.

आता तुमच्या पत्राविषयी.

तुम्ही लिहिलं तसं होऊ शकतं. मी मुख्याध्यापकांना विचारलं. मुलगी माझ्याकडे राहते, त्यामुळे पालकाच्या जागी माझी सही चालेल. दोन ओळींचं काम आहे. मला करता येतं.

मी ते करणार नाही.

१९५१ साली माझ्या हैदराबादच्या कॉलेजच्या अर्जावर सही करायला कोणी नव्हतं. वडील गेले होते. तुम्ही सही केलीत. महांतप्पा त्यानंतर वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तेव्हा तुम्ही मला धर्माबद्दल काही विचारलं नाहीत, लग्नाबद्दल नाही. एवढंच विचारलंत, की शिकून झाल्यावर इकडे येशील ना. मी हो म्हटलं होतं. मी माकणीपासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. तुम्ही उगं कशाला वाद म्हणून जगलात असं तुम्ही लिहिता. माझ्याकडे याच्या विरुद्ध पुरावा आहे आणि तो मी स्वतः आहे.

त्या अर्जात विचारलं आहे, की पालकाची संमती आहे काय. मला त्याचं उत्तर पाठ आहे. पण ते तुम्हाला विचारलेलं आहे, काका. त्या जागी तुमचं उत्तर मी दिलं तर ते खोटं होईल. आणि चंद्रप्रभाला ते कळेल. तिला आता असल्या गोष्टी कळतात.

मीही थकले आहे. सकाळी नीती, दुपारी रसायन, संध्याकाळी दोन गावांची समजूत. पंगत बंद झाली तर तुमच्या ओसरीवर कोणी नसेल याची मला कल्पना आहे. दिवाळीत आम्ही दोघी येऊ. ती आजारी नाही, तेव्हा तसं कळवणार नाही. ती ओसरीवर बसून ऐकेल, आणि अडलात तर सांगेल.

अर्ज सोबत आहे. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. तुम्हाला संमती द्यायची नसेल तर तसं त्याच जागी स्वच्छ लिहावं; मी तो कागद चंद्रप्रभाला दाखवीन आणि पुढे काही म्हणणार नाही. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण तुमच्या हातचं असावं.

काकूंना सांगावं, की चोळीचं कापड चंद्रप्रभाला आवडलं होतं. तिने ते शिवून घेतलं आहे आणि मंगळवारी तेच घातलं होतं.

आमच्यावर आजवर जशी नजर ठेवलीत तशीच ठेवावी.

शाळा ४ तारखेला दिवाळीसाठी बंद होते आणि अर्ज त्याआधी कचेरीत द्यावा लागेल. कृपया ३ नोव्हेंबरपर्यंत इथे पोचेल असं उत्तर पाठवावं.

आपली,
लीला